अंत्युखियाची पंगत

माणूस सत्कर्मांच्या बळावर नव्हे, विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो, ही ख्रिस्ती शिकवण बहुतेकांना प्रॉटेस्टंट पंथाची घोषणा म्हणून ऐकून माहीत असते. तिचा अर्थही ऐकणाऱ्याने आधीच लावून टाकलेला असतो: मनाने मानले की झाले, वागणूक कशीही असो. हे विधान पहिल्यांदा कोणत्या प्रसंगी केले गेले, याची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. आपल्या हाती असलेल्या लिखाणात ते प्रथम येते ते जेवणावरून झालेल्या एका भांडणाच्या हकिकतीत. इ. स. ५०च्या मागेपुढे सिरियातल्या अंत्युखिया शहरात येशूला मानणाऱ्यांची एक मंडळी होती. तिच्यात यहूदी होते, यहूदी नसलेले ग्रीक-सिरियनही होते, आणि सगळे एकत्र जेवत. येशूचा ज्येष्ठ शिष्य पेत्र तिथे आला तेव्हा तोही त्यांच्यात बसून जेवू लागला. पुढे यरुशलेमहून, तिथल्या मंडळीचा प्रमुख असलेल्या याकोबाकडून, काही माणसे आली. पेत्र हळूच बाजूला झाला आणि यहूद्यांच्याच पंगतीला बसू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदीही उठले. ज्याने प्रेषित पौलाबरोबर गावोगाव फिरून प्रचार केला होता तो बर्णबाही उठला. पौलाने पेत्राला सगळ्यांसमक्ष खडसावले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल ही हकिकत सांगतो आणि त्याच ओघात, श्वास न घेता, नियमशास्त्रातल्या कर्मांनी कोणीही नीतिमान ठरत नाही हे आपले सूत्र मांडतो. पंक्तिभेद काय असतो हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याला या प्रसंगाचे मर्म समजायला भाष्यकाराची गरज पडू नये.

पेत्राने कोणताही सिद्धांत नाकारला नव्हता. येशूवरचा त्याचा विश्वास तसूभरही कमी झाला नव्हता. त्याने फक्त जागा बदलली, आणि एवढ्यावरून पौलाला शुभवर्तमानच धोक्यात आलेले दिसले. हे अतिरेकी वाटू शकते. त्यामागचे कारण कळायचे तर आधी समोरच्या बाजूचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे निर्बंध ही यहूद्यांच्या दृष्टीने पोकळ कर्मकांडे नव्हती. इ. स. पू. १६७च्या सुमारास चौथ्या अँटिओकस राजाने याच गोष्टींवर बंदी घातली, तेव्हा मुलांची सुंता करण्यासाठी आणि डुकराचे मांस न खाण्यासाठी यहूद्यांनी मरण पत्करले होते. साम्राज्यांच्या रेट्यात हा लहानसा समाज टिकला तो या खुणांमुळे. म्हणून यहूदी ख्रिस्तानुयायांपैकी काहींचे म्हणणे होते की परक्यांना अब्राहामाच्या कुळात यायचे असेल तर त्यांनी अब्राहामासारखे व्हावे, सुंता करून घ्यावी. मागणी तर्कशुद्ध होती. पौलाने तिला दिलेले उत्तरही त्याच धर्मग्रंथातून काढलेले आहे आणि वकिली कौशल्याचा तो उत्तम नमुना आहे. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहामाने देवाच्या वचनावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. सुंतेची आज्ञा येते सतराव्या अध्यायात, मधल्या नोंदी पाहिल्या तर निदान तेरा वर्षांनंतर. मोशेचे नियमशास्त्र तर पौलाच्या हिशेबाने चारशे तीस वर्षांनी आले. म्हणजे ज्या क्षणी अब्राहाम नीतिमान ठरला त्या क्षणी तो स्वतःच सुंता न झालेला, नियमशास्त्र नसलेला, जवळपास परराष्ट्रीय असा माणूस होता. मग त्याच्या घरात यायला इतरांवर अट कसली?

इथवर पाहिले तर ‘कर्मे’ म्हणजे यहूदी समाजाच्या सीमारेषा आखणारी आचारधर्माची कर्मे, असे म्हणून थांबता येईल. अलीकडचे काही अभ्यासक जवळजवळ तिथेच थांबतात. पण पौल स्वतः तिथे थांबलेला नाही. काही वर्षांनी, साधारण इ. स. ५७मध्ये, करिंथहून रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो हाच अब्राहाम पुन्हा उभा करतो. मात्र या वेळी मुद्दा पंगतीच्या पलीकडे नेतो. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ते त्याचे येणे असते, त्यात कोणाची कृपा नसते. देवाशी असलेले नाते या मजुरीच्या हिशेबात बसत नाही, असे तो सांगतो. यात सुंता आली तसेच दानधर्म, सचोटी, चारित्र्य हेही आले. ज्या ज्या गोष्टीच्या आधारे माणूस देवाकडे येणे मागू शकेल, ती ती बाद झाली. माझ्या मते या शिकवणीचे दोन भाग आहेत आणि ते एकमेकांपासून तोडता येत नाहीत. देवापुढे कोणाचाच हक्क नाही, हा पहिला. म्हणून माणसामाणसांत त्या हक्कावर उभी असलेली उतरंडही नाही, हा दुसरा. अंत्युखियात पेत्राच्या हातून दुसरा भाग निसटला आणि पौलाने ओळखले की त्याबरोबर पहिलाही गेला. पुढच्या दोन हजार वर्षांचा या शिकवणीचा इतिहास बहुतांशी एक भाग धरून दुसरा सोडण्याचा इतिहास आहे.

पहिला भाग ज्याने जिवाच्या आकांताने धरला तो मार्टिन ल्यूथर. १५०५मध्ये कायद्याचा अभ्यास सोडून तो एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात शिरला. तिथे त्याने जे भोगले त्याला नुसता मनाचा कमकुवतपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्याच्या यातनेमागे त्या काळच्या ईश्वरशास्त्राचा एक काटेकोर नियम होता. गाब्रिएल बीलसारखे पंडित शिकवत की माणसाने आपल्याकडून होईल तेवढे करावे. तेवढे करणाऱ्याला देव आपली कृपा नाकारत नाही. वरवर पाहता याहून उदार शिकवण कोणती असेल? देव अशक्य काही मागत नाही, फक्त प्रामाणिक प्रयत्न मागतो. पण ल्यूथरसारख्या काटेकोर माणसाने स्वतःला विचारले: मी खरोखर होईल तेवढे केले का? आणखी एक तास जागता आले नसते का? पश्चात्ताप केला तो पापाच्या दुःखाने की शिक्षेच्या भीतीने? या प्रश्नांना तळ नाही. कितीही केले तरी ‘आणखी’ शिल्लक उरते. तासन्‌तास पापांची कबुली देऊन तो परत यायचा आणि विसरलेले पाप आठवून पुन्हा निघायचा. जी अट सर्वांत सोपी दिसते ती प्रामाणिक माणसासाठी सर्वांत कठोर असते आणि निर्लज्ज माणसासाठी अटच नसते, ही या व्यवस्थेतली खरी गोम होती. ल्यूथरने म्हातारपणी, १५४५मध्ये, लिहिले आहे की देवाचे नीतिमत्त्व म्हणजे पाप्याला शिक्षा करणारी न्यायबुद्धी, असे समजून आपण त्याचा तिरस्कार करत होतो. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर रात्रंदिवस विचार केल्यावर ते नीतिमत्त्व देव माणसाला फुकट देऊ करतो, हे त्याला उमगले.

हा शोध कोठडीतल्या एका संन्याशापुरता राहिला असता तर इतिहासाने त्याची दखल घेतली नसती. पण ‘होईल तेवढे करा’ या नियमाची एक बाजारपेठही होती. आल्ब्रेख्त या तरुण सरदारपुत्राने माइन्झचे आर्चबिशपपद मिळवण्यासाठी रोमला मोठी रक्कम भरली होती. ती त्याने आउग्सबुर्गच्या फुगर या सावकारी पेढीकडून कर्जाऊ उचलली. कर्ज फेडता यावे म्हणून त्याच्या मुलखात पापाचा ऐहिक आणि शुद्धिस्थानातला दंड माफ करणारी पत्रे विकायला परवानगी मिळाली. निम्मे उत्पन्न पेढीला, निम्मे रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला. टेट्झेल नावाचा डॉमिनिकन साधू ती गावोगाव खपवत होता. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने पंच्याण्णव मुद्द्यांचे पत्रक आल्ब्रेख्तकडे पाठवले. त्या मुद्द्यांत ‘केवळ विश्वास’ हा सिद्धांत अजून स्पष्ट नाही. तो पुढच्या दोनतीन वर्षांत आकाराला आला. पण दिशा तीच आहे. देवापुढची पत जिथे कमावता येते तिथे ती विकतही घेता येते, आणि ज्याच्याकडे पैसा त्याची पत मोठी. इथे दुसरा भाग नकळत पुन्हा पुढे आला होता. संन्यासी आणि गृहस्थ यांच्यात, पुरोहित आणि चांभार यांच्यात देवाच्या दृष्टीने वरखाली नाही, हे ल्यूथरने १५२०मध्ये छातीठोकपणे लिहिले.

आता आक्षेप. सर्वांत जुना आक्षेप पौलाच्याच तोंडी आहे: कृपा इतकी विपुल असेल तर पाप करत राहिलेलेच बरे नव्हे का? रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच हा प्रश्न उभा करतो, म्हणजे त्याच्या हयातीतच त्याला कोणीतरी तो विचारला असणार. ल्यूथरच्या वाट्याला तर हा आक्षेप मित्राच्या रूपाने आला. योहान आग्रिकोला या त्याच्या सहकाऱ्याने ख्रिस्ती माणसाला नियमशास्त्र शिकवण्याचीच गरज नाही असे म्हणायला सुरुवात केली आणि ल्यूथरला त्याच्याविरुद्ध लिहावे लागले. त्याचे खरे उत्तर मात्र १५२०च्या ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरील पुस्तिकेतच आलेले आहे. देवाला आपल्या सत्कर्मांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. जो माणूस स्वर्ग मिळवण्यासाठी भिकाऱ्याला भाकरी देतो तो खरे तर भिकाऱ्याला वापरून घेतो. त्याची नजर भाकरीवर नसून स्वतःच्या पुण्यावर असते. पुण्याची चिंता मिटली की भाकरी भाकरी म्हणून देता येते. हे नुसते मानसशास्त्र नव्हते. १५२३मध्ये सॅक्सनीतल्या लाइसनिग गावाने ल्यूथरच्या सल्ल्याने सार्वजनिक निधीची पेटी ठेवली, तिच्यातून शिक्षकाचा पगार, अनाथांचा आणि वृद्धांचा खर्च चालावा अशी योजना केली, आणि भीक मागण्याला, मग ती साधूंची का असेना, बंदी घातली. भिकाऱ्याला दान देणे हे पुण्य कमावण्याचे साधन राहिले नाही तेव्हा दारिद्र्य हा गावाने सोडवायचा प्रश्न झाला. ती योजना पैशांच्या वादात रखडली, हेही सांगितले पाहिजे. पण अशा पेट्यांचा नमुना अनेक जर्मन शहरांत उचलला गेला.

दुसरा आक्षेप बायबलच्या आतूनच येतो आणि जास्त टोकदार आहे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सरळ म्हणतो की माणूस नुसत्या विश्वासाने नव्हे, कृतींनीही नीतिमान ठरतो. आणि पुरावा म्हणून तोच अब्राहाम आणतो, फक्त इसहाकाच्या अर्पणाच्या प्रसंगातला. ल्यूथर या पत्रावर इतका वैतागला की १५२२च्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताच्या मोलाचे ठरवले. मला यात ल्यूथरची चूक दिसते आणि ती त्याच्या अर्धेपणाची आहे. याकोबाचा तो अध्याय सुरू कसा होतो ते पाहावे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला तर त्याला चांगली जागा देता आणि फाटक्या कपड्यातल्या गरिबाला उभे राहा किंवा पायाशी बस म्हणता, हा तिथला संताप आहे. पुढे भावंडांना अन्नवस्त्र न देता नुसते ‘खुशाल राहा’ म्हणणाऱ्या विश्वासावर तो तुटून पडतो. म्हणजे याकोबालाही प्रश्न पडला आहे तो कोण कुठे बसतो याचाच. पौल ज्यांच्याशी भांडत होता ते आपल्या आचाराचा दाखला देऊन इतरांना पंगतीबाहेर ठेवत होते. याकोब ज्यांच्याशी भांडतो ते विश्वासाचा दाखला देऊन गरिबाला पायाशी बसवत होते. दोघांच्या वाक्यांची झटापट लावून देणे सोपे आहे. पण ज्याच्या विश्वासाने बसण्याची जागा बदलत नाही, तो विश्वास पौलालाही विश्वास वाटला नसता. पेत्राला त्याने खडसावले ते काय दुसऱ्या कशासाठी?

मग रोमन कॅथलिक पंथ सत्कर्मांनी तारण होते असे मानतो आणि प्रॉटेस्टंट विश्वासाने, हा शाळकरी फरक कितपत खरा? ट्रेंटच्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी याविषयी सोळा अध्यायांचा आणि तेहतीस कलमांचा आदेश काढला. त्यात ‘केवळ विश्वासा’चा धिक्कार जरूर आहे. पण त्याच आदेशात असेही आहे की तारणाची सुरुवात कृपेने होते, विश्वास हा तिचा पाया आहे, आणि त्याआधीची कोणतीही कृती माणसाला तिच्यासाठी पात्र ठरवत नाही. खरा मतभेद पुढचा होता. माणसाला देव नीतिमान म्हणून स्वीकारतो ते ख्रिस्ताचे नीतिमत्त्व त्याच्या नावे मांडून, की कृपेने त्याला आतून बदलून. आणि त्या बदललेल्या माणसाच्या कृतींनी ते नीतिमत्त्व वाढते की नाही. फरक बारीक आहे असे नाही; पण एका बाजूला कृपा आणि दुसऱ्या बाजूला कमाई, असा तो कधीच नव्हता. याचा पुरावा असा की १५४१मध्ये रेगेन्सबुर्गला कार्डिनल कोन्तारिनी आणि मेलांक्थॉन यांच्यासारखे दोन्हीकडचे विद्वान बसले तेव्हा नेमक्या याच कलमावर त्यांचे एकमत झाले. बोलणी फिसकटली ती प्रभुभोजनाच्या स्वरूपावर आणि चर्चच्या अधिकारावर. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला ल्यूथरपंथी जागतिक महासंघ आणि व्हॅटिकन यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आणि तिच्यात मांडलेल्या शिकवणीला सोळाव्या शतकातले धिक्कार लागू होत नाहीत असे जाहीर केले. जर्मनीतल्या शंभराहून अधिक प्रॉटेस्टंट प्राध्यापकांनी तिला विरोध केला होता, म्हणजे वाद अगदीच निर्जीव झालेला नव्हता.

विसाव्या शतकात आक्षेप तिसऱ्याच बाजूने आला. स्वीडिश अभ्यासक क्रिस्टर स्टेंडाल यांनी म्हटले की पौलाला ल्यूथरसारखी पोखरणारी सदसद्विवेकबुद्धी नव्हतीच. पाश्चात्त्यांनी आपली अपराधभावना त्याच्या माथी मारली. १९७७मध्ये ई. पी. सँडर्स यांनी त्या काळचे यहूदी ग्रंथ तपासून दाखवले की यहूदी धर्म म्हणजे पुण्याची जमाखर्चाची वही, हे ख्रिस्ती व्यासपीठांवरून शतकानुशतके रंगवलेले चित्र खोटे आहे. तिथेही आधी देवाची निवड आणि करार, मग आज्ञापालन. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. यहूद्यांविषयी ल्यूथरने उतारवयात जे विखारी लिखाण केले त्याच्याकडे पाहता तो उशिरा आला असेच म्हणावे लागेल. मात्र त्यावरून ल्यूथरने पौलाला पूर्ण चुकीचे वाचले हा निष्कर्ष निघत नाही. मजुरी आणि देणगी यांतला भेद पौलानेच केला आहे. ल्यूथरने तो यहूद्यांवर लादला ही चूक. स्वतःच्या मठाला लावला ते बरोबर.

भारतात या शिकवणीची परीक्षा ल्यूथरने स्वप्नातही पाहिली नसेल अशा जागी झाली. १७०६मध्ये तरंगंबाडीला मिशनरी त्सिगेनबाल्ग उतरला. भारतातले ते पहिले प्रॉटेस्टंट मिशन, तेही ल्यूथरपंथी. त्सिगेनबाल्गने ल्यूथरची प्रश्नोत्तरी तमिळमध्ये आणली. पण तिथल्या आणि तंजावरकडच्या मंडळ्यांत वरच्या मानलेल्या जातींतले ख्रिस्ती आणि अस्पृश्य मानले गेलेले ख्रिस्ती वेगवेगळे बसत, आणि बऱ्याच मिशनऱ्यांनी ते चालवून घेतले. शेवटी १८३३मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना पत्र पाठवून चर्चमधला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेकांनी चर्च सोडले. विल्सन ल्यूथरपंथी नव्हते, अँग्लिकन होते. आत्म्याचे तारण कर्मांनी होत नाही हे तोंडपाठ असूनही जन्माने आलेला मान देवघरातही सोबत न्यायचा, हे शक्य झाले कारण सिद्धांत अंतःकरणाचा खाजगी मामला होऊन बसला होता.

मराठी वाचकाला इथे भक्तिमार्ग आठवेल, आणि आठवावाही. कर्तृत्वाचा अभिमान सोडून शरण जाण्याची भाषा आपल्याकडे परकी नाही. श्रीवैष्णवांत तर मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असा वादच झाला: माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरते तसे माणसाने देवाला धरायचे, की मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते तसे निमूट जायचे. ट्रेंटची परिषद आणि ल्यूथर यांच्यातला वाद त्याच्या फार जवळचा आहे. पण साम्य इथवरच. पौलाची कृपा कर्मफलाच्या आणि पुनर्जन्माच्या चक्रातून सोडवणारी नाही. ती एका विशिष्ट माणसाच्या क्रुसावरच्या मृत्यूशी आणि पुनरुत्थानाशी बांधलेली आहे, आणि ते वगळले तर तिच्यात काही उरत नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो: कर्मे गेली, पण मग विश्वासच एक नवे कर्म होऊन बसत नाही का? पुरेसा विश्वास आहे का, खरा आहे का, या प्रश्नांनी माणूस ल्यूथरच्याच कोठडीत परत जातो. पंडिता रमाबाईंची साक्ष इथे महत्त्वाची आहे. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९मध्ये शारदा सदन काढले. पण १९०७मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. पंडिता म्हणून कीर्ती, बालविधवांसाठी उभारलेली संस्था, यातले काहीही त्यांनी आपल्या बाजूने मोजले नाही. विशेष म्हणजे विश्वासाची तीव्रताही त्या मोजत बसल्या नाहीत. ख्रिस्ताने काय केले याकडे त्यांनी नजर वळवली. ल्यूथरचे उत्तरही हेच होते. विश्वासाचे सगळे बळ तो कोणाला धरतो यात आहे, स्वतःत नाही. स्वतःकडे पाहू लागला की तो पुन्हा हिशेब होतो. हे उत्तर तर्काने निर्दोष आहे. आचरणात मात्र ख्रिस्ती मंडळ्या विश्वासाची मापे काढतच आल्या आहेत, कधी अश्रूंनी, कधी साक्षींनी, कधी अन्य भाषांत बोलण्याने. खुद्द रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या संजीवनानंतर असे अनुभव आले, आणि अन्य भाषांत बोलणे ही प्रत्येकाकडून मागायची खूण आहे काय यावर पुढे जगभरचे पेंटेकॉस्टल दुभंगले.